वदा म्हणजे पाणी

माझी नात अमेरिकेत पर्यावरणशास्त्र शिकते. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तिचा फोन आला. सुट्टीत जालन्याला येण्यापूर्वी आठ आठवडे आपण कझाकस्तानात राहणार आहोत, सकाळी रशियन भाषेचे वर्ग, दुपारी पर्यावरणाचा अभ्यास आणि शेवटी अरल समुद्राची सहल, असे तिने एका दमात सांगितले. आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "तिथे खाशील काय?" मी विचारले, "रशियन शिकायची तर रशियात का नाही?" २०२२ साली युद्ध सुरू झाल्यापासून अमेरिकेतल्या विद्यापीठांनी आपले रशियनचे वर्ग कझाकस्तान, जॉर्जिया अशा देशांत हलवले आहेत, हे तेव्हा कळले. कझाकस्तानची राजभाषा कझाक आहे. तरी बाजारात, कचेरीत रशियन सर्रास चालते.

रशियन हा शब्द मला परका नव्हता. माझ्या पिढीच्या वाचकांना आठवत असेल, मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची मराठी पुस्तके आपल्याकडे अगदी स्वस्तात मिळत. 'सोव्हिएत देश' मासिकाच्या गुळगुळीत कागदाची कव्हरे आम्ही शाळेच्या वह्यांना घालत असू. आमच्या वडिलांचे जिनिंग होते. त्या मासिकात मध्य आशियातल्या कापसाच्या गंजींचे चित्र आले, की ते चष्मा पुसून पाहत आणि म्हणत, "कापूस पिकवावा तर असा." कापसाला आपल्याकडे पांढरे सोने म्हणतात, तसेच तिकडेही म्हणत. ते सोने कोणत्या पाण्यावर पिकले, हे चित्राखाली छापलेले नसे.

भाषेची तिची ओळख मोठी गमतीची झाली. वर्गातली अमेरिकन मुले तीन लिंगांपाशी अडखळत. तिला ते सोपे गेले, कारण घरी ती मराठी बोलते आणि मराठीने नपुंसकलिंग टाकलेले नाही. भूतकाळात 'मी गेलो' आणि 'मी गेले' हा भेद रशियनमध्येही आहे. क्रियापदाच्या रूपावरून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळते. बाई शिकवायच्या आधीच ही मान डोलवायची. पाण्याला रशियनमध्ये 'वदा' म्हणतात. मी फोनवर म्हणालो, "अगं, हे तर आपल्या उदकाचे भावंड दिसते." तिने बाईंना विचारले, तर दोन्ही शब्दांचे मूळ खरोखरच एक निघाले. कापसाला म्हणतात 'ख्लोपक'. त्याच शब्दात आघात पहिल्या अक्षराऐवजी दुसऱ्यावर दिला, तर अर्थ होतो टाळी. पहिल्या आठवड्यात तिने बाजारात कापसाऐवजी टाळीचा सदरा मागितला होता म्हणे.

जेवणाचा प्रश्न मात्र खरा होता. तिथल्या ताटात मांस नाही असा प्रसंग विरळा आणि भाजी म्हणजे बहुधा बटाटा. ती ग्रेचकावर राहिली, म्हणजे आपण ज्याला कुट्टू म्हणतो त्यावर. सोबतीला पाव, काकडी, टोमॅटो आणि सफरचंदे. आपण खातो त्या सफरचंदाचे रानटी पूर्वज अल्माटीजवळच्या तिएनशान पर्वतात आजही उभे आहेत, हे मला तिच्याकडूनच समजले.

अल्माटीहून अराल्स्कला आगगाडीने जायला एका दिवसाहून अधिक वेळ लागतो. तिथल्या आगगाडीच्या प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा बंब असतो. हे ऐकल्यावर आमच्या घरी त्या देशाविषयीचे मत एकदम सुधारले.

अराल्स्क हे एके काळी बंदर होते. १९६० साली अरल समुद्राचा विस्तार सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर होता; आपल्या नाथसागरासारखे दीडशेहून अधिक जलाशय त्यात मावले असते. आमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्या त्याला भरत असत. सोव्हिएत काळात त्या नद्यांचे पाणी कालव्यांनी वाळवंटात नेले गेले, मुख्यतः कापसासाठी. कालवे बहुतांशी मातीचे, त्यामुळे बरेच पाणी वाटेतच मुरले. समुद्र मागे सरकू लागला, खारट झाला, मासे मेले, तळ उघडा पडला आणि त्यातले मीठ व शेतांतून वाहून आलेली विषारी औषधे वाऱ्यावर उडू लागली. जहाजे वाळूत रुतून राहिली. आज मूळ समुद्राचा जेमतेम दहावा भाग उरला आहे.

उत्तरेकडचा छोटा तुकडा मात्र वाचला. कझाकस्तानने जागतिक बँकेच्या साहाय्याने २००५ साली कोकअरल येथे सुमारे तेरा किलोमीटर लांबीचा बांध पूर्ण केला. सिर दर्याचे पाणी उत्तरेत अडले, पातळी अपेक्षेपेक्षा लवकर चढली आणि खारटपणा उतरला. मासेही परतले. नात एका कोळ्याच्या घरी गेली तेव्हा त्या माउलीने परतलेले मासेच पुढे ठेवले. आपण ते का खात नाही हे हिने मोडक्या रशियनमध्ये सांगितले. त्या बाईंनी ताट उचलले, पाव आणि चहा आणून दिला आणि रागावल्या नाहीत. नातीला त्या भाषेतले पहिले खरे संभाषण हेच वाटते.

पण बांधावर उभे असताना त्यांच्या प्राध्यापकांनी जे सांगितले, ते तिने मला त्याच रात्री कळवले. पाणी उत्तरेत अडवले, म्हणजे दक्षिणेला जाणारे तेवढे कमी झाले. उत्तरेकडचा समुद्र वाचवताना दक्षिणेकडचा मोठा समुद्र त्याच्या नशिबावर सोडला गेला.

ऑगस्टमध्ये ती जालन्याला आली. श्रावणातली उघडीप होती, पऱ्हाटीला पाते-फुले लागली होती. मी काहीशा ताठ्यानेच तिला सांगितले, "आमचा कापूस कोरडवाहू. पडेल त्या पावसावर येतो. आम्ही कोणाचा समुद्र आटवला नाही." तिने ते मान्य केले. जालना हे कापसाच्या बियाण्याचे गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली त्यातही याच कंपनीचा वाटा होता, हे सगळे तिने पूर्वीच वाचलेले होते. मग तिने विचारले, "आजोबा, आणि मोसंबी?"

मोसंबी कोरडवाहू नाही. बहार धरण्यासाठी झाडाला ताण देतात, तो सोडला की पाणी लागतेच. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागांवर कुऱ्हाड चालली. मी त्या उन्हाळ्यात पाच बोअर घेतले. चार कोरडे गेले. पाचव्याला सहाशे फुटांवर दीड इंच पाणी लागले आणि माझी चारशे झाडे तगली. आमच्या बांधाला लागून नानांचा मळा आहे. त्यांची सात परसांची विहीर त्याच महिन्यात आटली. त्यांनी टँकर लावले, पैसे संपले, शेवटी तीनशे झाडे तोडली. मी त्यांना तेव्हा टँकरसाठी पैसे देऊ केले होते. त्यांनी घेतले नाहीत. मी त्या गोष्टीचे पुण्य मात्र मनाशी जमा करून ठेवले होते.

नातीने विचारले, "तुमच्या बोअरमुळे तर विहीर आटली नसेल?" मी तिला लांबलचक उत्तर दिले. इथला खडक काळा पाषाण, त्यात पाणी भेगांतून धावते, कोणती भेग कोठे जाते हे कोणी पाहिले आहे, वगैरे. एवढे सगळे खरेच आहे. तिने ऐकून घेतले आणि मोजण्याची फीत मागितली.

फितीला शिशाचे वजन बांधून पाण्याची पातळी कशी मोजायची, हे ती त्या उन्हाळ्यात शिकली होती. नानांच्या परवानगीने तिने पाच दिवस त्यांची विहीर मोजली. पहिले दोन दिवस माझा पंप बंद होता. पातळी जागची हलली नाही. तिसऱ्या दिवशी पंप चार तास चालवला, विहीर एक वीत उतरली. रात्री पुन्हा चढली. चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी मी स्वतः फीत धरली, कारण मला विश्वास ठेवायचा नव्हता. वीतभरच.

नाना काठावर बसून होते. मी म्हणालो, "नाना, मला हे माहीत नव्हते." ते तंबाखू मळत म्हणाले, "शेठ, मला ठावं होतं की. त्या साली तुमचा पंप चालू झाला का आमची हीर खाली जायची. पण बोलून काय करता? झाडं तुमचीबी होती."

माझी आई विहिरीचे पाणी जाड फडक्यातून गाळीत असे. फडक्यावर राहिलेली जिवाणी ती ओंजळीने नाही, तर कडीच्या बादलीतून हळूच, ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत परत सोडी. घरात नळ आला तरी मळ्यात तिचा हा नेम सुटला नव्हता. पाणी तुपासारखे वापरावे, हे तिचे बोलणे मी चारचौघांत अभिमानाने सांगत आलो आहे. बोअरमध्ये जिवाणी सोडायला जागा नसते, याचा विचार मी सहाशे फूट खणताना केला नव्हता.

नात परत जाण्यापूर्वी आम्ही तिघे कडवंचीला जाऊन आलो. जालन्याजवळच्या या गावाने डोंगरउतारावर समतल चर खणून पाणलोटाचे काम केले, शेकडो शेततळी घेतली आणि दुष्काळातही द्राक्षबागा राखल्या. नाना फार बोलले नाहीत. परतताना त्यांनी एवढेच विचारले, की तळ्यात पावसाचे पाणी भरतात की बोअरचे. प्रश्न बिनतोड होता. पुष्कळ ठिकाणी शेततळी जमिनीखालच्या पाण्यावरच भरली जातात.

आता माझा पंप आठवड्यातून तीन दिवस चालतो, नानांच्या मोटरीचे चार दिवस ठरलेले आहेत. माझी शंभर झाडे मी काढली. दर पौर्णिमेला विहिरीची पातळी मोजून मी आकडा नातीला पाठवतो. तिने शिकवल्याप्रमाणे आकड्यापुढे 'वदा' लिहितो, तेही रशियन अक्षरांत. त्यातले पहिले अक्षर हात थरथरल्याने मला अजून नीट जमत नाही.

नानांनी पुन्हा मोसंबी लावलेली नाही. त्या तुकड्यात ते हरभरा घेतात.