अल्मो

पेपरच्या आदल्या रात्री ‘सांडपाणी’ हा चॅप्टर सोडून मी भलतंच वाचत बसलो. अल्मोबद्दल. कोण हा अल्मो? रोमजवळ टायबर नदीला मिळणारा एक छोटासा प्रवाह. आपल्याकडे ओढाच म्हणतील. पण प्राचीन रोमन लोकांचा तो चक्क देव! इ.स.पू. 204 मध्ये आशिया मायनरमधून सिबिली देवीची काळी शिळा रोमला आणली. पुढे दरवर्षी 27 मार्चला तिला बैलगाडीतून वाजतगाजत अल्मोवर आंघोळीला नेऊ लागले.

ओव्हिड कवी सांगतो, अल्मोची मुलगी लारा भारी बडबडी. जीभ आवर म्हणून बापानं कितीदा बजावलं. तिनं ज्युपिटरची भानगड थेट त्याच्या बायकोला सांगितली. त्यानं तिची जीभच उपटली. बाप देव खरा, पण ज्युपिटरपुढे त्याचं काय चालणार?

विसाव्या शतकात अल्मोचं पाणी टायबरऐवजी सांडपाणी शुद्धीकरण केंद्राकडे वळवलं गेलं. म्हणजे आमच्या चॅप्टरमध्येच!

गेल्या सेमिस्टरच्या सर्व्हेत गावाबाहेरच्या एका प्रवाहापुढे मी बिनधास्त ‘नाला’ लिहिलं होतं. काठावर शेंदूर फासलेला एक दगड होता. तो ड्रॉइंगमध्ये दाखवायचा राहूनच गेला.