सावलीच्या मापाने

माणसाला कशाचं वावडं असावं याला काही धरबंध नाही. आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कना वांग्याचं वावडं होतं, दुसऱ्या एकांना शेंगदाण्याचं, आणि तिसऱ्यांना सासऱ्यांचं. पण ही सगळी भाग्यवान माणसं. वांगं ताटात बाजूला सारता येतं, सासऱ्यांना दिवाळीत एकदा नमस्कार करून वर्षभर निभावता येतं. मला वावडं आहे ते उन्हाचं. आणि ऊन हा पदार्थ आपल्याकडे बाजूला सारण्यातला नाही. मार्च ते जून तर परमेश्वर तो न मागता, 'अहो घ्या हो, लाजताय काय' असा आग्रह करकरून वाढत असतो.

या वावड्याचं रीतसर नाव 'पॉलिमॉर्फिक लाइट इरप्शन'. मराठीत सांगा म्हटल्यावर डॉक्टरांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "उन्हाचं बहुरूपी पुरळ." मला एकदम लहानपणी दारात फौजदाराचं सोंग घेऊन येणारा बहुरूपी आठवला. हाही तसाच. कुणाकडे चट्ट्यांच्या वेषात जातो, कुणाकडे फोडांच्या. माझ्याकडे तो बारीक लाल पुटकुळ्यांच्या वेषात येतो. बरं, लगेच येत नाही. दुपारी उन्हातून हिंडून यावं, 'आज काही झालं नाही बुवा' असं म्हणून चहाचा कप तोंडाला लावावा, आणि संध्याकाळी हातांवर, मानेवर, सदऱ्याच्या उघड्या गळ्यापाशी त्यानं दत्त म्हणून हजर व्हावं. मग आठवडाभर मुक्काम. उन्हाळ्याच्या सुरुवातीला जोर जास्त. पुढे पुढे कातडीला ऊन सरावतं, असं डॉक्टर म्हणतात. माझी कातडी सरकारी नोकराची असल्यामुळे तिला नवीन काही सरावायला फार वेळ लागतो.

"मग उपाय?" मी विचारलं.

"सोपा आहे. सनस्क्रीन लावा!"

तो सोपा उपाय लावला आणि ऊन परवडलं म्हणायची वेळ आली. उन्हाचं पुरळ निदान संध्याकाळपर्यंत दम धरत असे. हे दुसऱ्या दिवशी सकाळी थेट तोंडावर आलं, आणि दूध घालायला आलेल्या मुलानं मला ओळखलंच नाही. दुसरी ट्यूब झाली, तिसरी झाली. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, ही म्हण ज्यानं कुणी पहिल्यांदा काढली त्याचीही कातडी माझ्यासारखीच असणार.

मग माझी 'पॅच टेस्ट' झाली. यात पाठीवर निरनिराळी रसायनं भरलेले छोटे छोटे ठिपके ओळीनं चिकटवतात. दोन दिवस पाठीला पाणी लागू द्यायचं नाही, घाम येईल असं काही करायचं नाही, आणि मुख्य म्हणजे खाजवायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी एकवेळ जमतील, पण 'खाजवू नका' असं बजावल्यावर ज्याला खाज सुटत नाही तो माणूस योगी म्हणायचा. दोन दिवसांनी ठिपके काढून पाठ वाचतात आणि पुन्हा दोन दिवसांनी वाचतात. माझ्या पाठीच्या निकालपत्रात तीन विषयांत लाल शेरा निघाला : एक सुगंध, एक मलम टिकवण्यासाठी घालतात ते द्रव्य, आणि ऑक्सिबेंझोन नावाचं ऊन शोषून घेणारं रसायन. हे ऑक्सिबेंझोन समुद्रातल्या प्रवाळाला बाधतं म्हणून अमेरिकेतल्या हवाई राज्यानं २०१८ साली कायदा केला आणि १ जानेवारी २०२१ पासून ते घातलेल्या सनस्क्रीनची सर्वसाधारण विक्री बंद केली. हे वाचून मला फार बरं वाटलं. एवढ्या मोठ्या पॅसिफिक महासागरात माझं दुखणं समजणारं कुणीतरी आहे! फरक इतकाच, की प्रवाळासाठी कायदा झाला आणि मला आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "तुमची थेरंच फार."

झिंक ऑक्साइडही करून पाहिलं. जस्ताशी माझं वैर नाही. पूर्वी क्रिकेटपटू नाकाला आणि ओठांना पांढरं फासत असत, तेच हे. पण ते ज्या जाड लेपात कालवलेलं असतं तो लेप आणि पुण्याचा एप्रिल यांचं जमेना. लेपाखाली घाम, घामाखाली घामोळं, आणि वर पांढराफटक मी. आमच्या मजल्यावरच्या एका लहान मुलानं ते रूप पाहून आईच्या पदराआड दडी मारली, ती मी जिना उतरेपर्यंत सोडली नाही. डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाले, "लावायचं सोडा. आता झाकायचं आणि टाळायचं."

ही बातमी सोसायटीत पसरायला वेळ लागला नाही. आपल्याकडे हृदयविकार सांगितला तर माणसं गंभीर होतात, कातडीचं काही सांगितलं की वैद्य होतात. कुणी मुलतानी माती आणली, कुणी कोरफड. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी काकडीचा कीस पाठवला तो सौभाग्यवतींनी कोशिंबिरीत घातला. खोबरेल सगळ्यांनीच सांगितलं. खोबरेल उन्हाला फारसं अडवत नाही असं मी म्हटलं, तर "आमचे आजोबा जन्मभर खोबरेल लावून उन्हात राबले" असं उत्तर मिळालं. त्यांच्या आजोबांच्या कातडीचा आणि माझ्या कातडीचा काही नातेसंबंध नाही, हे कुणाला सांगणार? शेजारचे वकील तर स्वतःची ट्यूब घेऊन आले. "ही पन्नास नंबरची आहे, तिसापेक्षा जवळजवळ दुप्पट!" आता या नंबरांचं गणित मला पाठ होतं. भाजणाऱ्या किरणांपैकी पंधरा नंबर सुमारे ९३ टक्के अडवतो, तीस नंबर ९७, आणि पन्नास नंबर ९८. म्हणजे सगळी चुरस पहिल्या तीन नंबरांतल्या मुलांची. शिवाय ते टक्के भरपूर थापलं तरच. वकीलसाहेब कपाळाला गंधाएवढा ठिपका लावतात आणि उरलेली ट्यूब पुढच्या उन्हाळ्याला ठेवतात.

झाकायचं ठरलं तेव्हा प्रथम छत्री काढली. पुण्यात पुरुषानं छत्री कधी उघडावी याचा एक अलिखित नियम आहे, आणि त्यात मे महिना बसत नाही. बाईच्या हातात उन्हाळ्यात छत्री असली तर ती नाजूक. पुरुषाच्या हातात असली तर तो विसराळू. कोपऱ्यावरच्या वाण्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत प्रत्येकानं मला, "काय साहेब, वेधशाळेनं काही सांगितलंय का?" हेच विचारलं. वेधशाळेच्या भाकितांवर एवढा विश्वास लोकांनी एरवी कधी दाखवलेला मला आठवत नाही.

मग तुळशीबाग. पुण्यातल्या दुचाकीवरच्या मुली डोक्याला-तोंडाला स्कार्फ, अंगात सनकोट आणि कोपरापर्यंत हातमोजे घालून हिंडतात, त्यांना आजवर आम्ही पुष्कळ नावं ठेवली होती. चंबळच्या मोहिमेवर निघाल्यात म्हणायचो. पण उन्हाविरुद्ध इतकी पक्की फौज जगात दुसरी नसेल. मी लांब बाह्यांचे सुती मोजे मागितले. दुकानदारानं सात-आठ जोड समोर टाकले, फुलाफुलांचे, आणि अदबीनं विचारलं, "वहिनींचा हात साधारण केवढा?" मी माझा हात पुढे केला. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "पुरुषांसाठी करडा दाखवू का?" शहाणा माणूस!

कापडाचंही एक शास्त्र आहे. आपल्याला वाटतं, पांढराशुभ्र मलमलीचा झब्बा म्हणजे उन्हाळ्यातलं कवचकुंडल. प्रत्यक्षात विरळ विणीच्या पांढऱ्या सुती कापडातून हे किरण बरेच आत येतात, आणि ते ओलं झालं की आणखी. गडद, दाट विणीचं कापड खरं कामाचं. म्हणजे ज्या जीन पँटवरून आम्ही मुलाशी दोन वर्षं बोललो नव्हतो, ती सगळ्यांत उत्तम! शिवाय गाडीच्या बाजूच्या काचेतून ऊन लागत नाही हाही भ्रमच. साध्या काचेतून भाजणारे किरण अडतात, पण माझ्या बहुरूप्याला बोलावणारे त्यांचे भाऊबंद आरामात येतात. म्हणून सकाळच्या एसटीनं दक्षिणेला जाताना मी नेहमी उजवीकडची बाजू धरतो. मला खिडकीतून निसर्ग बघायचा आहे असं शेजाऱ्याला वाटतं. मी फक्त सूर्याकडे पाठ फिरवून बसलेला असतो.

इथवर सगळं थट्टेवारी नेण्यासारखं होतं. प्रश्न होता गुहागरचा.

गुहागरला माझी सासुरवाडी. दर मे महिन्यात आम्ही तिथे जातो, आणि मुलीची मुलगी, वय वर्षं सात, बंगलोरहून तिथे येते. वर्षातले एवढेच पंधरा दिवस मला आजोबा म्हणून मिळतात. गेल्या मे महिन्यात ते मी ओटीवर बसून काढले. समोर खळ्यात आंब्याची साठं वाळत घातलेली, आणि हातात काठी. "जावईबापू सावलीत बसलेच आहेत, तर कावळे हाकतील," असं सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं. सगळी मंडळी समुद्रावर गेली की घरात मी, साठं आणि कावळे. एकदा नातीनं निघताना विचारलं, "आजोबा, तुम्ही कधीच येणार नाही का?" उत्तर द्यायच्या आत तिला कुणीतरी हाक मारली आणि ती पळाली. तिला पोहायला मी शिकवायचं, असं ती पाळण्यात असताना मी जाहीर केलेलं होतं. सात वर्षांची पोर. आणखी चार उन्हाळे गेले की ती आजोबांकडून काही शिकायच्या वयाची राहणार नाही. त्या दिवशी कावळ्यांनी दोन साठं नेली. माझं लक्ष नव्हतं.

म्हणून यंदा मी गेलो तो तयारीनं. एक साधी खूण मला मिळाली होती : आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर ऊन त्या मानानं सौम्य, आखूड झाली की आत पळायचं. आपल्याकडे मे महिन्यात सकाळी साडेनवाच्या आत आणि दुपारी पावणेचारनंतर ती लांब असते. मधल्या वेळात माणसानं सावलीला शोभेल असं वागावं, म्हणजे अंगाशी गोळा होऊन पडून राहावं.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की गावात सगळे तसंच वागतात. आंबे उतरवायला मेहुणे पहाटे बाहेर पडतात. उन्हात आंबा काढू नये, म्हणून झेला घेऊन सकाळी काय ते उरकायचं, नाहीतर कलत्या उन्हात. सुपारीच्या आगरात शिंपण सकाळी. भर दुपारी गावात बाहेर असतात ते फक्त पर्यटक आणि पापड. पहिल्या सकाळी मी करडे मोजे, पूर्ण बाह्यांचा काळा सदरा आणि रुंद काठाची टोपी घालून आंब्याखाली उभा राहिलो, तेव्हा एक गडी मेहुण्यांना हळूच म्हणाला, "भाऊजी मधमाश्या काढायला आले काय?" पण साडेआठपर्यंत आम्ही तीन पेट्या भरल्या होत्या. नातीनं खाली धरलेल्या पोत्यात मी झेला रिकामा करत होतो आणि ती मोजत होती.

समुद्राचंही जमलं. पश्चिम किनाऱ्याचं एक बरं असतं, सकाळी सूर्य पाठीमागे असतो. गुहागरला किनाऱ्यालगत सुरूची झाडं आहेत, त्यांची सावली सकाळी वाळूवर लांबवर पडते. मात्र नुसत्या सावलीवर विसंबून चालत नाही. आभाळाकडून आणि वाळूवरूनही थोडं ऊन उडून येतंच. म्हणून मी गळ्यापासून घोट्यापर्यंत काळा पोहण्याचा पोशाख घेतला होता. तो घालून लाटांत उतरलो, तर एक सद्गृहस्थ अदबीनं जवळ येऊन विचारते झाले, "भाऊ, आज भरती किती वाजता?" मला त्यांनी जीवरक्षक समजलं होतं. पंचांग बघून आलेलो असल्यामुळे मी वेळ अंदाजानं सांगितली. दुसऱ्या दिवशी चौघं विचारायला आले.

पण पोहणं शिकवायचं तर समुद्र कामाचा नाही. मेहुणे म्हणाले, "भाऊजी, आगरातली विहीर आहे ना!" जांभ्या दगडात बांधलेली, पाण्यापर्यंत पायऱ्या, आणि वर चहूकडून माड-पोफळी. सकाळी आठ वाजता तिथे दिवस उजाडलाय की नाही असा संशय यावा. अशा विहिरीच्या तळापर्यंत ऊन पोचायचं तर सूर्य नेमका डोक्यावर यायला हवा. इजिप्तमध्ये सायनी गावी तसं उन्हाळ्यात एका दुपारी होतं, एवढ्या माहितीवरून एराटोस्थेनिसनं दोन हजार वर्षांपूर्वी पृथ्वीचा परीघ काढला. गुहागरला ती दुपार मेच्या दुसऱ्या आठवड्यात येते. त्या दिवशी साडेबाराच्या सुमारास मी नातीला अंगणात उभी केली आणि तिची सावली दाखवली. म्हणजे नव्हतीच दाखवायला. पायाखाली गेली होती. मी हे ओटीवरून दाखवलं, हे सांगायला नको.

मेहुण्यांनी माळ्यावरून वाळका भोपळा काढला, पाठीला बांधला, आणि रोज सकाळी आम्ही दोघं विहिरीत. पहिले तीन दिवस तिनं माझी मान सोडली नाही. चौथ्या दिवशी मान सोडून पायरी धरली. आठव्या दिवशी भोपळ्याची गाठ मी सैल बांधली, नवव्या दिवशी आणखी सैल, आणि अकराव्या दिवशी भोपळा तिच्या पाठीवरून सुटून शांतपणे एकीकडे गेला आणि ती दुसरीकडे. समोरच्या भिंतीपर्यंत सात-आठ हात अंतर असेल. तिथे पोचून दगडाला धरल्यावर तिनं मागे वळून पाहिलं, भोपळा पाहिला, आणि मग जे रडायला सुरुवात केली ते सासूबाई आगरात धावत आल्या.

भोपळा पुन्हा माळ्यावर टांगलाय. पुढच्या वर्षी तिला काठावरून उडी मारायची आहे. उडी सकाळी आठच्या आत मारावी लागेल, हे मी तिला आत्ताच सांगून ठेवलं आहे. साठं राखायचं काम सासूबाईंनी वकिलीचा अभ्यास करणाऱ्या धाकट्या नातजावयाकडे दिलं आहे. त्याची कातडी उत्तम आहे, पण तोही सावलीतच बसतो, आणि मोबाइलमध्ये बघत असल्यामुळे कावळे खूश आहेत.