मगरीचा शर्ट

आमच्या लहानपणी घरात कपड्यांच्या दोनच जाती होत्या, नवे आणि उतरलेले. थोरल्याचा सदरा मधल्याला, मधल्याचा मला, आणि त्यातूनही जे उरेल ते बोहारणीकडे जाऊन त्याचं पातेलं व्हायचं. त्यात कुणाला काही वाटत नसे. भावाचा सदरा म्हणजे घरचाच की!

लाज वाटायची ती परक्याच्या कपड्याची. मी सातवीत असताना वाड्याच्या मालकीणबाईंनी त्यांच्या मुलाचा निळा शर्ट आईच्या हातात ठेवला. आईने बाह्या आत घेतल्या आणि म्हणाली, "धुतला की आपला." दुसऱ्या दिवशी वर्गात तो मुलगा सहज बोलून गेला, "अरे, हा तर माझा शर्ट!" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण वर्ग हसला. पुढे दोन वर्षं मी तोच घातला, कारण दुसरा नव्हता. नोकरी लागल्यावर मात्र ठरवलं की परक्याचं कापड अंगाला लावायचं नाही. पन्नास वर्षं ते पाळलं.

गेल्या वर्षी बॉस्टनजवळ लेकीकडे गेलो होतो. नात म्हणाली, "आजोबा, चला, गुडविलमध्ये जाऊ." ही संस्था 1902 साली बॉस्टनमध्येच एडगर हेल्म्स नावाच्या पाद्र्याने सुरू केली. लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू नीट करून विकायच्या आणि त्यातून गरजूंना काम नि शिक्षण द्यायचं, ही त्यामागची कल्पना. नातीचे निम्मे कपडे तिथलेच!

तिथे रांगेत टांगलेल्या शर्टांमध्ये एक पांढरा दिसला. छातीवर छोटी हिरवी मगर. आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांमुळे ही मगर मला ठाऊक होती. रने लाकोस्त हा फ्रान्सचा टेनिसपटू. 1923 साली बॉस्टनमध्येच त्याने मगरीच्या कातड्याच्या बॅगेवरून कप्तानाशी पैज लावली आणि त्याचं नाव 'मगर' पडलं. त्या काळी टेनिस लांब बाह्यांचा शर्ट घालून खेळत. याने आखूड बाह्यांचा, मऊ कॉलरचा, विणलेल्या कापडाचा शर्ट वापरला आणि 1933 पासून तो विकायलाही सुरुवात केली.

नातीने शर्ट पारखायला शिकवलं. आधी कॉलरची घडी झिजलीय का ते पाहायचं, मग काखेत पिवळे डाग आहेत का ते. बटणं शिंपल्याची, दोन भोकांची हवीत. मगर वेगळी शिवून लावलेली असते, तिचे दात नि नखं स्पष्ट दिसली पाहिजेत. लेबलवर नुसता 5 हा आकडा, म्हणजे लार्ज. कापड जवळून पाहिलं तर मधाच्या पोळ्यासारखी बारीक वीण. किंमत आठ डॉलर. नवा शंभराच्या वर जातो म्हणे.

सौ. म्हणाली, "अहो, कुणाचा असेल कोण जाणे! मेलेल्या माणसाचा असला तर?"

असेलही. पण मी थांबलो ते वेगळ्याच कारणाने. सातवीतला तो निळा शर्ट आठवला आणि या दोहोंत फरक काय, असा विचार करत राहिलो. कापड तिथेही परक्याचंच होतं, इथेही परक्याचंच. फरक एवढाच की हा मला कुणी दिला नव्हता. मी निवडला होता, उलटसुलट करून पाहिला होता, आणि नाही आवडला तर परत टांगून ठेवू शकत होतो. सातवीत मला 'नको' म्हणता येत नव्हतं. आईला तर त्याहून नाही.

शाळेत आम्ही जुने गणवेश जमवून मुलांना देत असू. मी ते कधी वर्गात वाटले नाहीत. शाळा सुटल्यावर कपाट उघडायचं आणि "हवा तो बघून घ्या" म्हणून व्हरांड्यात जाऊन उभं राहायचं. का, ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सौ.ला दुकानातच सांगितलं. तिने शर्ट माझ्या हातातून घेतला, खांद्याला लावून पाहिला आणि म्हणाली, "बसतोय. आधी गरम पाण्यात धुवायचा मात्र."

आता इथे सकाळच्या फिरण्याला तोच घालतो. कट्ट्यावर एकाने विचारलं, "लेकीने पाठवला वाटतं?" म्हटलं, "नाही. मी घेतला. जुना, आठ डॉलरला." क्षणभर सगळे गप्प. मग एकजण हळूच म्हणाला, "पुढच्या वेळी जाल तेव्हा माझं माप घेऊन जा."