आयर्लंडचे नाव आणि एक तिरकी रेघ

आयर्लंडवरील या धाग्यात आज घटना कमी आणि व्याकरण अधिक. निमित्त माझ्याच चुकीचे. प्रबंधाच्या एका प्रकरणात १९३७ नंतरच्या आयरिश राज्याला मी सर्वत्र ‘आयर’ म्हटले होते. मार्गदर्शकांनी समासात एवढेच लिहिले : ‘हे नाव कोण वापरत होते?’

मूळ आयरिश शब्द, ढोबळ उच्चाराने, ‘एरे’. नाम स्त्रीलिंगी, जुने रूप ‘एरिउ’. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृत ‘पीवरी’शी, म्हणजे ‘पुष्ट’ या अर्थाच्या विशेषणाशी जोडतात. केल्टिक भाषांत आरंभीचा ‘प’ गळाला. आपला ‘पितृ’ तिकडे ‘अहर’ झाला, तसेच हेही. अर्थ निघतो सुपीक, भरलेली भूमी. रोमनांनी तिचे ‘हिबर्निया’ केले आणि त्यात त्यांना आपला हिवाळ्याचा शब्द ऐकू आला. पुष्ट भूमी अशी एकाएकी गारठली!

या नामाची विभक्तिरूपेही पाहण्यासारखी आहेत. षष्ठीत ते ‘एरन’ होते. म्हणून तेथील लोकसभा ‘डॉल एरन’. ‘आयर्लंडमध्ये’ म्हणताना मात्र ‘एरिन’. आजच्या आयरिशमध्ये बहुतेक नामांचे असे वेगळे रूप लोपले आहे, या नामाचे टिकले. इंग्रजी कवींनी हे ‘एरिन’च देशाचे नाव मानले. कोणी ‘पुण्यात’ ऐकून शहराचे नाव ‘पुण्या’ समजावे, तसा हा प्रकार.

आता माझी चूक. १९३७च्या राज्यघटनेचे चौथे कलम सांगते की राज्याचे नाव ‘एरे’, इंग्रजीत ‘आयर्लंड’. उत्तरेतील सहा परगणे ब्रिटनकडे होते. नव्या राज्याला ‘आयर्लंड’ म्हणणे म्हणजे साऱ्या बेटावरील त्याचा दावा मान्य केल्यासारखे. म्हणून लंडनने इंग्रजी मजकुरातही आयरिश नावच वापरले. १९३८च्या ब्रिटिश कायद्याच्या शीर्षकात ते आहे. ‘आयर’ हे रूप त्याचेच. आयरिश भाषेचा हा मान नव्हे, ‘आयर्लंड’ टाळण्याची ती युक्ती होती. शिवाय पहिल्या स्वरावरील, दीर्घत्व दाखवणारी तिरकी रेघही अनेकदा गाळली गेली. त्या रेघेविना आयरिशमध्ये तो शब्द वेगळाच ठरतो : अर्थ, ओझे. आपल्या ‘दिन’ आणि ‘दीन’सारखे. हा योगायोगच, पण बोचरा.

प्रकरण पुन्हा लिहिताना ‘आयर’ मी केवळ ब्रिटिश कागदपत्रांच्या अवतरणांत ठेवले. इतरत्र ‘आयर्लंड’ लिहिले खरे. मात्र ते बेट की राज्य, हे प्रत्येक वाक्यात नव्याने ठरवावे लागले.