सायकलवरून सासूबाईंच्या माहेरी

मैत्रिणींनो, पुण्याहून सोलापूरला किंवा लातूरहून पंढरपूरला जाताना तुम्ही आमच्या टेंभुर्णीत एकदा तरी चहा प्यायला उतरला असाल. एक रस्ता पंढरपूरला, एक कुर्डुवाडी-बार्शीकडे, एक करमाळ्याकडे आणि मधून हा पुणे-सोलापूर हमरस्ता. सगळे इथून कुठे ना कुठे जातात. मुद्दाम टेंभुर्णी बघायला म्हणून कुणी आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही! चहूकडे ऊस, मधे बाभळी आणि लांबवर सपाट माळ. डोंगर तर औषधालाही नाही.

अशा गावात आमच्या धाकट्या भावजींनी डोंगरात चालवायची सायकल घेतली. जाड खाचांचे टायर, पुढे मोटरसायकलसारखे शॉकअप, गिअर किती ते मी मोजले नाहीत. रविवारी पहाटे चार-पाच मित्र मिळून भीमानगरकडे निघतात. उजनी धरण इथून आठ-दहा किलोमीटरवर. मग कालव्याच्या भरावावरून, उसाच्या बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून आणि वाळलेल्या काळ्या ढेकळांतून सायकली हाणायच्या. बाभळीच्या काट्याने एखादं चाक पंक्चर झाल्याशिवाय कुणी घरी येत नाही.

मग चित्रीकरणाची हौस आली. मोबाइल हँडलला बांधून पाहिला, तो दुसऱ्याच चाकोरीत उडून पडला. म्हणून ऑनलाइन एक स्वस्तातला 'ॲक्शन कॅमेरा' मागवला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'फोर-के' लिहिलेलं. आत चित्र बघितलं तर ताकात लोणी फुटल्यासारखं! लहान चित्र ओढूनताणून मोठं केलेलं, एवढाच त्याचा अर्थ. तो परत पाठवताना जो मनस्ताप झाला तो सांगत बसत नाही.

इथवर हे प्रकरण भावजींचं होतं. ते माझं कसं झालं, त्यासाठी तुम्हाला आमच्या सासूबाईंकडे यावं लागेल.

सासूबाई सकाळी वर्तमानपत्र हातात घेतात आणि आधी उजनीची टक्केवारी बघतात. सोलापूर जिल्ह्यात बहुतेक घरांतून हेच चालतं म्हणा. बाहेरच्या मैत्रिणींना 'उजनी उणे चाळीस' म्हणजे काय ते कळणार नाही. धरण सुमारे ११७ टीएमसीचं. त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त पाणी तळाचं, म्हणजे मृतसाठा. त्याच्या वरचं पाणी संपलं की शून्य टक्के, आणि तळातलं उपसायला लागलं की 'उणे'. उणे वाढायला लागलं की आमच्या पोटात गोळा येतो. पिण्याच्या पाण्याची काळजी, उभ्या उसाची काळजी. सासूबाई मात्र गप्प होतात आणि आकड्यावरून बोट फिरवत बसतात.

त्यांचं माहेर जुनं पळसदेव, इंदापूरच्या पलीकडचं. लग्न होऊन त्या टेंभुर्णीला आल्या आणि चार-सहा वर्षांत मागे माहेर पाण्यात गेलं. १९६६ साली धरणाची पायाभरणी झाली, १९८० मध्ये ते पुरं झालं. भीमेकाठची कितीतरी गावं उठून वर नव्या जागी वसली. पळसदेव आता हमरस्त्यालगत आहे, पळसनाथाचं नवं देऊळही तिथे बांधलंय. जुनं हेमाडपंती देऊळ मात्र पाण्यातच राहिलं. एरवी दिसलं तर शिखर दिसतं. उजनी खूप खाली गेली की अख्खं देऊळ बाहेर येतं आणि भोवती गावाची जोती. म्हणजे जग पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसतं तेव्हाच यांचं माहेर वर येतं. आणि गंमत बघा, ज्या पाण्याने त्यांचं माहेर नेलं त्याच पाण्यावर त्यांच्या सासरचा ऊस उभा आहे. आम्ही त्याच उसाचं खातो. त्यामुळे या विषयावर घरात कधी कुणी फारसं बोललं नव्हतं.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नासच्याही खाली गेली. देवळाचे फोटो छापून आले. मी म्हटलं, "आई, गाडी करू या. जाऊन येऊ." तर म्हणाल्या, "गुडघं कुठं चालाया देत्यात? त्या गाळातनं कोण नेतंय मला?" बोटीतून जवळ जाता येतं का, हे विचारायचंही धाडस झालं नाही. त्याच मे महिन्यात २१ तारखेला कुगाव-कळाशीच्या दरम्यान वादळात बोट बुडून माणसं गेली होती. थोड्या वेळाने त्या आपणहून म्हणाल्या, "बघायला मिळालं आस्तं तर बरं झालं आस्तं."

माझी भिशी नुकतीच लागली होती. तीस हजार. पाटल्यांत भर घालायचा विचार होता. मी भावजींना म्हटलं, कॅमेरा बघू या, पण या वेळी मी बरोबर येणार.

इथे पहिली शहाणपणाची गोष्ट आम्ही केली, ती म्हणजे लगेच विकत घेतला नाही. पुण्यात असे कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात. अनामत ठेवावी लागते, ओळखपत्र लागतं. भावजींनी तीन दिवसांसाठी गोप्रो आणला. मुठीत मावेल एवढा, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. शनिवारी छोट्या टेम्पोत सायकल टाकून ते पळसदेवला गेले आणि भेगाळलेल्या गाळावरून देवळापर्यंत सायकल हाणून आले. संध्याकाळी आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो. चित्र काय सुरेख! भेगा अशा सपासप मागे पळतात, सायकल हवेत उडते, मधेच शिखर दिसतं न दिसतं तो वळण. आमचे चिरंजीव टाळ्या पिटायला लागले. सासूबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला.

"आरं, कुठं पळाया लागलाय? मला गरगराय लागलं. गाव कुठाय ह्यात?"

खरंच, गाव कुठे नव्हतंच. देऊळ काडेपेटीएवढं दिसत होतं. वाऱ्याच्या घोंगावण्याने दुसरा आवाज ऐकू येत नव्हता.

त्या रात्री मी कॅमेऱ्याचं माहितीपत्रक घेऊन बसले. शाळेत अर्धवेळ का होईना शिकवते, तेव्हा पुस्तक वाचून समजून घ्यायची सवय आहे. तुमच्या घरातही कुणी सायकल, पोहणं किंवा ट्रेकिंगसाठी असा कॅमेरा मागत असेल, म्हणून मला कळलं ते सांगते.

या कॅमेऱ्याचं भिंग मुद्दामच फार रुंद बघणारं असतं, म्हणजे अंगावर बांधला तरी समोरचं सगळं येतं. पण त्यामुळे लांबची वस्तू आणखी लांब जाते आणि चढ सपाट वाटतो. 'लिनिअर' नावाची सोय निवडली की कडा सरळ होतात, वस्तू जवळ येते. हिसके जिरवायची सोय चांगल्या कॅमेऱ्यात असतेच. चित्राच्या कडा थोड्या कापून तो प्रत्येक चित्र मागच्याशी जुळवून घेतो. गोप्रोमध्ये ही सोय २०१८ पासून चांगली सुधारली. डीजेआय आणि इन्स्टा३६० या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही ती आहे. पण अंधुक उजेडात ती फसते, चित्र फरफटल्यासारखं येतं. म्हणून पहाटे पाचला काढलेलं चित्र वाया. आणि दुपारी काढावं तर आमच्या बेचाळीस अंश उन्हात कॅमेरा तापून आपणहून बंद पडतो. मे महिन्यात साडेसहा ते साडेआठ एवढीच काय ती वेळ.

बांधायचा कुठे, हे कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा महत्त्वाचं. हँडलवर बांधला तर प्रत्येक खडा चित्रात येतो. हेल्मेटवर बांधला तर मान वळली की जग वळतं, बघणाऱ्याला घेरी. छातीवर सगळ्यात बरा: हँडल धरलेले हात दिसतात, रस्ता दिसतो, चित्र स्थिर येतं. पण तो छातीवरचा पट्टा कुणा बाईला विचारून केलेला नाही, एवढं मी खात्रीने सांगते! दहा मिनिटं झटापट केली, मग माझ्या पाठपिशवीच्या खांद्याच्या पट्ट्यालाच कॅमेऱ्याची चाप बसवली आणि हलू नये म्हणून जाड दोऱ्याचे चार टाके घातले. भावजी हसले. पण नंतर वाचलं, गोप्रो काढणाऱ्या निक वुडमनने २००२ साली अमेरिकेत सुरुवात केली ती आईकडून उसने पैसे आणि आईचंच शिलाई मशीन घेऊन. लाटांवर खेळताना कॅमेरा मनगटाला बांधता यावा म्हणून तो पट्टे शिवत बसायचा. २००४ चा त्याचा पहिला कॅमेरा तर साध्या रिळाचा होता. म्हणजे टाके घालणारी मी काही पहिली नव्हे.

रविवारी सायकल मी चालवली. हे ऐकून शेजारच्या काकू म्हणाल्या, "या वयात?" माझं वय छत्तीस! पुण्याच्या प्रीती मस्के या दोन मुलांच्या आईने जून २०२२ मध्ये लेह ते मनाली ४३० किलोमीटर एकटीने सायकलवर ५५ तास १३ मिनिटांत कापले, हे मी त्यांना सांगितलं. काकूंनी फक्त "बाई गं" म्हटलं. मला काही लेह गाठायचं नव्हतं. पण शाळेत असताना भावाच्या सायकलवर शिकलेली मी, वीस वर्षांनी पुन्हा बसताना पंजाबी ड्रेसची ओढणी घरी ठेवली आणि सलवारीच्या घोळाला साखळीच्या बाजूने रबर लावलं. हे मात्र विसरू नका.

गाळ वरून वाळलेला असतो, पण पाण्याच्या कडेला आत ओला. चाक रुतलं की समजायचं, परत फिरा. मी हळू चालवलं. माणूस चालतं त्याहून थोडं पुढे, एवढंच. टिटव्या ओरडत होत्या. माशांचा वास, शिंपले, फाटकं जाळं, मग अचानक घडीव दगडांची रांग. कुणाचं तरी जोतं. तिथे मी उतरले आणि कॅमेरा तसाच चालू ठेवून सायकल हातात धरून निघाले. दगडी खांब, वरचं विटांचं शिखर, सगळ्यावर वाळल्या गाळाचा पांढरट थर. इतकी वर्षं पाण्यात राहून ते उभं आहे, हे बघून माझ्या घशाशी आलं. मी बाहेरची, लग्न होऊन आलेली. मला एवढं होतं तर त्यांना काय होईल? प्रत्येक वळणावर मी थांबले, मनात दहा आकडे मोजले, मग पुढे. तासाभरात बॅटरी संपली. जादा बॅटरी होती म्हणून निभावलं.

संध्याकाळी पुन्हा टीव्ही. कॅमेऱ्यावर वाऱ्यासाठी स्पंजची टोपी लावली होती, त्यामुळे टिटव्या ऐकू आल्या. सासूबाई खुर्चीतून उठल्या आणि टीव्हीच्या अगदी जवळ जमिनीवर बसल्या. गुडघे दुखतात म्हणणाऱ्या!

"हळू. थांब. थांबीव रे जरा." चिरंजीवांनी चित्र थांबवलं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही बघ, इथनं आमी पानी भरून यायचो. आता डावीकडं वळ म्हनावं तुज्या आईला."

पण त्या दिवशी मी उजवीकडे वळले होते. मला काय माहीत?

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पुन्ना लाव."

तीनदा लावलं. मग सोमवारी, भाड्याच्या शेवटच्या दिवशी, मी पुन्हा गेले आणि डावीकडे वळले.

कॅमेरा पुढे जून महिन्यात विकत घेतला, भिशीच्या पैशांतून. तेव्हा दुकानात पंचवीसपासून पन्नास हजारांपर्यंतचे होते. अगदी नवा घ्यायचा मोह भावजींना होता. मी दोन वर्षं मागचं मॉडेल घेतलं आणि उरलेल्या पैशांत एक जादा बॅटरी आणि चांगलं कार्ड. नावं दरवर्षी बदलतात, म्हणून नाव सांगत नाही. बॅटरी काढता-घालता येते का हे विचारा. अंगठ्याएवढे गोंडस कॅमेरे मिळतात, पण त्यांची बॅटरी आतच बंद असते. कार्डावर 'व्ही ३०' असं छापलेलं असावं. फोर-के चित्र तासाला सहज २७ जीबी जागा खातं, तेव्हा ६४ जीबीच्या कार्डात दोन तासांहून थोडं जास्त. घरी टीव्हीवर बघण्यापुरतं सेकंदाला तीस चित्रं भरपूर, साठचा हट्ट फक्त संथ गतीच्या चित्रासाठी. आणि सगळ्यात आधी, दुकानदाराने विचारण्याआधी, हे चित्र बघणार कोण ते घरात ठरवा. चालवणाऱ्याला वेग हवा असतो, बघणाऱ्याला थांबणं हवं असतं. आमच्या घरात त्यावरच पहिले दोन दिवस गेले.

भिंग पुसायला धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचा तुकडा ठेवलाय. पण आधी फुंकर मारून धूळ उडवा, नाहीतर इथल्या मातीने ओरखडे पडतात. वापर नसेल तेव्हा बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका, निम्म्यावर ठेवा.

भावजी रविवारी तो कॅमेरा नेतात, मी परवानगी दिली आहे. कालव्यावरच्या त्यांच्या उड्या बघून चिरंजीव अजून टाळ्या पिटतात.

सोमवारचं चित्रण आम्ही हडपसरच्या मावशींना, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या बहिणीला पाठवलं. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. रडल्या, मग भांडल्या. त्यांचं म्हणणं, थांबून दाखवलंय ते जोतं आमचं नव्हे, शेजाऱ्यांचं. आमच्या दारात चिंच होती. सासूबाई म्हणतात, चिंच मागल्या अंगाला होती, तुला काय आठवतंय, तू परकरात होतीस. ऑगस्टमध्ये धरण भरलं आणि देऊळ पुन्हा पाण्यात गेलं, तरी दोघींचा वाद मिटलेला नाही. सकाळी वर्तमानपत्र आलं की सासूबाई अजून आधी टक्केवारीच बघतात. परवा मला म्हणाल्या, "पुढच्या येळंला मागल्या अंगानं जा."

सायकलचा मागचा टायर झिजलाय, तेवढा बदलून ठेवायला सांगितलं आहे.