मधली तीन वचने

२६ डिसेंबर २००४. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी रविवार आला होता, पवित्र कुटुंबाचा सण. वसईतल्या आमच्या देवळात नाताळचा गोठा अजून तसाच मांडलेला होता. सकाळच्या मिस्सेत मत्तयचे शुभवर्तमान वाचले गेले. हेरोद बाळाच्या जिवावर उठला आहे, देवदूत स्वप्नात येऊन योसेफाला सावध करतो, आणि योसेफ मायलेकरांना घेऊन रातोरात मिसरची वाट धरतो.

त्याच सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्राचा तळ हादरला होता आणि तिथून त्सुनामी उठली होती. आम्हाला कळायला दुपार झाली. माझी आत्या तेव्हा वेलंकनीला होती.

वेलंकनी नागपट्टिनमच्या दक्षिणेला, अगदी समुद्रालगत. वसईहून तिथे नवस फेडायला माणसे जात असतात. त्या तीर्थाची कथाही समुद्राचीच आहे. वादळात सापडलेल्या पोर्तुगीज खलाशांनी सतराव्या शतकात मारियामातेचा धावा केला, ते या किनाऱ्याला सुखरूप लागले आणि त्यांनी तिथे देऊळ बांधले, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. बुडणाऱ्यांना तारणाऱ्या आईच्या दारात समुद्र असा चालून यावा, हे मला आजही सोसत नाही.

आत्याचा फोन सोमवारी संध्याकाळी आला. ती मिस्सेला आत बसली होती. पाणी बाझिलिकेत शिरले नव्हते. बाहेर किनाऱ्यावर होते त्यांतले शेकडो गेले. एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. खड्डे खणून कितीतरी जणांना एकत्र पुरावे लागले.

फोन ठेवताच आईने गुडघे टेकले आणि रोझरी हातात घेतली. मीही शेजारी टेकले. सोमवार, म्हणजे आनंदाची रहस्ये. तिसऱ्या रहस्याला, येशूच्या जन्मापाशी, माझे तोंड बंद झाले. आई एकटीच म्हणत राहिली.

मंगळवारी निष्पाप बालकांचा सण. पहाटेच्या मिस्सेला मोजकीच माणसे होती. वाचन मत्तयच्याच दुसऱ्या अध्यायाचे. पण रविवारी पंधराव्या वचनावरून थेट एकोणिसाव्यावर उडी मारली होती, आणि आज मधली तीन वचने वाचली गेली. बेथलेहेमातल्या बाळांची कत्तल. लेकरांसाठी आक्रंदणारी, कुणालाही समजूत घालू न देणारी राहेल. वाचन संपल्यावर फादरांनी प्रवचन केले नाही. ते खाली बसले आणि बराच वेळ बसून राहिले. वर्तमानपत्रांतले फोटो आम्ही सर्वांनीच पाहिले होते.

योसेफाला स्वप्न पडले. बेथलेहेमातल्या बाकीच्या घरांत ते का पडले नाही? मत्तय याचे उत्तर देत नाही. पण त्या आयांचे रडे तो झाकतही नाही. देवाच्या मुलाच्या जन्मकथेतच त्याला जागा देतो. माझी श्रद्धा त्या दिवसापासून या जागेला धरून आहे. आत्या वाचली म्हणून मी देवाचे आभार मानते, मनापासून मानते. पण ‘देवाने आमच्या माणसाला राखले’ हे वाक्य चारचौघांत उच्चारायला मी धजत नाही. ते ऐकणाऱ्यांत एखादी राहेल असू शकते.

आत्या परतल्यावर लोकांनी आग्रह धरला, देवळात साक्ष द्या. ती पुढे जाऊन उभी राहिली आणि स्वतःविषयी जवळजवळ काहीच बोलली नाही. बोलली ती लॉजमध्ये शेजारच्या खोलीत उतरलेल्या मल्याळी बाईविषयी. दोघींची भाषा जुळत नव्हती. त्या बाईने नाताळच्या रात्री हिच्या केसांत गजरा माळला होता. सकाळी दोन्ही मुलींना घेऊन निघताना तिने समुद्राकडे बोट दाखवून हिलाही बोलावले. आत्याने देवळाकडे हात केला, मिस्सा झाल्यावर येते, अशा अर्थाने. पुढे आत्याला सांगता आले नाही.

वर्षभराने आत्या मिस्सेची नोंद करायला गेली, मी सोबत होते. फादरांनी वही उघडली आणि मृतांची नावे विचारली.

“नावं ठाऊक नाहीत, फादर. दोन मुली आणि त्यांची आई, एवढंच लिहा.”

आता आत्या नाही. दर डिसेंबरात ती नोंद मी करते. तेवढेच शब्द सांगते, आणि खाली आत्याचे नाव.