नरारा आणि आमच्या टाकीतला दिवा

डिसेंबरातल्या एका रविवारी आमच्या बडोद्याच्या घरात एक समुद्रफूल पांढरं पडू लागलं. म्हणजे सी-अॅनिमोन. तीन फुटी टाकी, साधारण 190 लिटर खारं पाणी, दोन क्लाउनफिश आणि हे एक समुद्रफूल, एवढाच आमचा समुद्र. सात वर्षांच्या लेकीनं विचारलं, "बाबा, त्याचा रंग कुठे गेला?" उत्तर मला माहीत होतं, पण सांगायची लाज वाटत होती. चारच दिवसांपूर्वी मी जुन्या ट्यूब काढून 165 वॅटचा नवा एलईडी दिवा लावला होता. पूर्ण 100 टक्क्यांवर.

दुकानदाराचं म्हणणं होतं, "एवढा दिवा घेतलाच आहे, तर आता प्रवाळाचा एक तुकडाही ठेवा." तुकडा कुठून येणार, हे विचारल्यावर तो नुसता हसला. आपल्याकडे 2001 पासून कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. मी नाही म्हणालो, पण मोह झाला होता, हे कबूल करतो.

बायको म्हणाली, "जिवंत प्रवाळ बघायचंच असेल तर आपल्या गुजरातेत आहे की." म्हणून पौर्णिमा गाठून जामनगरला गेलो. ओहोटी मोठी हवी तर उधाणाचे दिवस धरायला हवेत, हे आजीनं कोकणातल्या आठवणींतून सांगितलं होतंच.

नरारा जामनगरपासून सुमारे 60 किलोमीटरवर, वाडीनारजवळ आहे. कच्छच्या आखातातलं हे सागरी राष्ट्रीय उद्यान 1982 सालचं, देशातलं पहिलं. वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या घेतला, की बोटीशिवाय, पायी प्रवाळ बघता येतं. जाड तळाचे बूट मात्र हवेतच. लांब क्षितिजावर तेलाची जहाजं उभी आणि पायाखाली चिखल, खडक, डबकी. पहिल्या नजरेत निराशाच झाली. टीव्हीवरचा निळा काचेसारखा समुद्र नाहीच, पाणी चहासारखं गढूळ.

"जोईने पग मूकजो," वाटाड्या काका पुन्हा पुन्हा सांगत होते. मग एका डबक्यापाशी ते थांबले. गुडघाभर पाण्यात मेंदूसारख्या वळ्यांचं प्रवाळ होतं, मळकट हिरवं-तपकिरी. शेजारच्या वाळूत ताटाएवढं समुद्रफूल पसरलेलं. थोड्या अंतरावर तसंच एक उघडं पडलं होतं; त्यानं अंग आखडून वाळूत ओढून घेतलं होतं. लेक उकिडवी बसून बघत राहिली. "याला ऊन लागत नाही का?" तिनं विचारलं. काका म्हणाले, "लागतं ना. म्हणून तर आत जातं. आणि थोड्या वेळानं पाणी येतंच."

मला खटकत होतं ते असं. प्रकाश मोजायचं एक माप असतं, पीएआर. भर दुपारच्या उन्हात ते 2000 च्या आसपास जातं. माझा दिवा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. मग उन्हातलं समुद्रफूल तगतं आणि माझं का कोमेजलं? कारण इथला सूर्य सकाळी आठला बटण दाबल्यासारखा लागत नाही. तो चढत येतो, वर गढूळ पाणी चाळणी धरतं, आणि नकोसं झालं तर वाळूत शिरायला जागा आहे. समुद्रफुलाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. त्याचा बराचसा रंग आणि अन्न तिथूनच. प्रकाश अचानक वाढला की हे भाडेकरू बाहेर पडतात आणि घरमालक पांढरा होतो. ऑफिसात मी कुठलाही बदल आधी 5 टक्के लोकांना देतो, मग 20. घरी मात्र एका रात्रीत सगळं!

परतताना काकांनी लेकीची मूठ उघडायला लावली. आत मेलेल्या प्रवाळाचा पांढरा खडा होता. तो तिथेच ठेवावा लागला. मेलेला तुकडाही नेता येत नाही. ती थोडी रुसली.

याच आखाताच्या टोकाला ओखामंडळ, एकेकाळी गायकवाडांच्या राज्यातलं. जेम्स हॉर्नेल यांनी बडोदे सरकारसाठी तिथल्या सागरी जीवांचा अहवाल केला होता. पहिला भाग 1909 चा. आपल्यापैकी किती घरांतले पणजोबा त्या सरकारच्या नोकरीत होते! समुद्र इतका आपला होता, हे मला पस्तिशीत कळलं.

घरी आल्यावर दिवा सहा इंचांवरून फूटभर उंच टांगला आणि 30 टक्क्यांवर आणला. निळा प्रकाश ठेवला. पांढरा अगदी कमी केला, आणि लाल-हिरवा बंद, कारण त्यानं काचेवरचं शेवाळच पोसतं. सकाळी तासभर हळूहळू उजाडतं, संध्याकाळी तसंच मावळतं, मध्ये आठ तास. वायर टाकीपेक्षा खाली झोळ देऊन मग बोर्डात नेली, म्हणजे खारं पाणी ओघळून प्लगपर्यंत जाऊ नये. (हे आधीच करायला हवं होतं.) आठवड्यातून दोनदा कोलंबीचा मुगाएवढा तुकडा. आई म्हणते, "माणसांना इतकी कोलंबी मिळाली तर बरं."

पाच आठवडे काहीच झालं नाही. समुद्रफूल पांढरं, आकसलेलं, क्लाउनफिश तरी त्यालाच बिलगून. एकदा तर मी ते काढून टाकायला जाळी हातात घेतली होती. दहाव्या आठवड्यात लेकीनं शाळेच्या बसची वाट बघता बघता हाक मारली. बुडाशी नखाएवढी तपकिरी झाक होती.

दिवा सध्या 40 टक्क्यांवर आहे. रविवारी 45 करायचा विचार होता, पण लेक म्हणते, अजून एक आठवडा थांबू या.